जुनी टर्बो पेट्रोल गाडी : ऑइलची काटकसर भांडवल खाते

आमच्या लोहारा-उमरगा भागात लहान व्यापाऱ्याच्या दारात गाडी उभी राहिली की लोक दोन प्रश्न विचारतात. केवढ्याला घेतली, आणि अॅव्हरेज किती देते? तिसरा प्रश्न, जो खरा महत्त्वाचा, तो कोणी विचारीत नाही. ऑइल कधी बदलले? गाडी घेताना आम्हीही तो विचारला नव्हता. त्याची किंमत आम्ही मोजली, आणि काही दोष नसताना सोलापूरच्या एका विणकरानेही मोजली. आपले अनेक व्यापारी आणि कारागीर बांधव आज दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या टर्बो पेट्रोल गाड्या स्वस्तात घेत आहेत. त्यांनी आमची चूक पुन्हा करू नये म्हणून हा लेख.

आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्रांचे शिक्षण घेतलेले नाही. शाळा उर्दू माध्यमाची, आणि गाडीची पुस्तिका इंग्रजीत, त्यामुळे ती दोन वर्षे डॅशबोर्डच्या कप्प्यात तशीच पडून होती. पुढे नुकसान झाल्यावर भाच्याकडून ती पानापानाने वाचून घेतली, मिस्त्र्यांजवळ बसून इंजिन उघडलेले पाहिले आणि जे समजले ते येथे साध्या भाषेत मांडत आहोत.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनात पेट्रोल जळायला हवा लागते. साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते, म्हणजे जेवढी मिळेल तेवढ्यावर भागवते. टर्बोचे इंजिन हवा दाबून भरते. हे काम करणारा पंखा चालवायला वेगळी शक्ती लागत नाही. सायलेन्सरकडे जाणारा जळका गरम धूर एका चाकावर सोडला जातो, ते चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. जो धूर वाया जाणार होता त्याच्याकडून काम करून घेतले, इतकीच ही युक्ती. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले.

फायदा किती, तो आकड्यांतच पाहावा. फियाट कंपनीच्या लिनिया गाडीत १३६८ सीसीचे साधे पेट्रोल इंजिन येत असे. त्याची ताकद ९० पीएस आणि ओढण्याचा जोर ११५ न्यूटन मीटर. त्याच १३६८ सीसीला टर्बो जोडलेली लिनिया टी-जेट २०१० साली भारतात आली. तिची ताकद ११४ पीएस आणि जोर २०७ न्यूटन मीटर. इंजिन तेवढेच, पण ओढ जवळजवळ दुप्पट. चार माणसे आणि डिकीभर माल घेऊन चढ चढताना हा फरक लगेच समजतो.

ही गाडी आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या रांजणगाव येथे फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीच्या कारखान्यात तयार होत असे. पुढे चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, १.२ लिटरची, १०५ पीएस ताकदीची. २०१४ साली टाटांची झेस्ट आली, तिच्यातही १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन. २०१७ साली रांजणगावहूनच नेक्सॉन बाहेर पडली. यांपैकी लिनिया, झेस्ट आणि पोलो या गाड्यांचे उत्पादन आता बंद झाले आहे. फियाटच्या गाड्या २०१९ साली थांबल्या, पोलो २०२२ साली. उत्पादन बंद झाले की जुन्या गाडीचा भाव उतरतो आणि आपल्यासारखा गिऱ्हाईक पुढे सरकतो. आम्हीही असेच पुढे सरकलो.

आमची चूक

२०१७ साली आम्ही सोलापुरात २०११ सालची टी-जेट घेतली. ६० हजार किलोमीटर चाललेली, एका हाताची आणि त्या भावात दुसरी मिळाली नसती अशी. आमचे काम सोलापूर, लातूर आणि हैदराबाद या तीन बाजारांचे. नमुने न्यायचे, माल पाहायचा, वसुली करायची. गाडी पहिले वर्षभर अशी चालली की आम्ही तिचे कौतुक करीत हिंडत होतो.

मग व्यापाऱ्याची हिशेबी बुद्धी आडवी आली. सिंथेटिक ऑइल महाग. गॅरेजवाल्याने सांगितले की जीपला घालतो तेच ऑइल घालू, इंजिन ते इंजिन. आम्ही मान हलवली. पुढे तेही वेळेवर बदलले नाही, एकाच ऑइलवर १६-१७ हजार किलोमीटर काढले. शिवाय एक सवय लागली होती. हैदराबादच्या रस्त्याने भरधाव यायचे, ढाब्यावर वळायचे आणि गाडी थांबताक्षणी चावी फिरवून चहाला जायचे.

२०१९ च्या मे महिन्यात हैदराबादहून परतताना हुमनाबाद ओलांडले आणि गाडीची ओढ एकदम गेली. आरशात पाहिले तर मागे निळा धूर. कसेबसे उमरगा गाठले. गॅरेजमध्ये निदान झाले की टर्बो गेला. नवा टर्बो आणि मजुरी मिळून ४५ हजार रुपये लागले. दुकानाच्या शिल्लकीतून ते दिले आणि विषय मिटला असे समजलो.

तो मिटला नव्हता. पाच आठवड्यांत नवा टर्बोही शिट्टी वाजवू लागला आणि पुन्हा तोच निळा धूर. या वेळी शिल्लक नव्हती. सोलापूरच्या एका विणकराला टॉवेलच्या मालाचे ४० हजार रुपये शनिवारी द्यायचे ठरले होते, ते पैसे गाडीत गेले. त्या पैशांवर तो पुढच्या आठवड्याचे सूत उचलणार होता. सूत मिळाले नाही, त्याचे दोन माग आठ दिवस बंद राहिले. आमची गाडी बंद पडली म्हणून त्याचा माग बंद पडला. पैसे पुढे दिले, त्यानेही तोंडाने कधी तक्रार केली नाही. पण आठ दिवसांची मजुरी कोणी परत देत नसते. या लेखातील सगळ्या आकड्यांत आम्हाला तेच आठ दिवस जास्त खुपतात.

दुसऱ्या वेळी गाडी एका वयस्कर मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी टर्बोला हात लावण्याआधी खालचे ऑइलचे चेंबर उतरवले आणि आम्हाला बोलावून दाखवले. तळाशी डांबरासारखा काळा गाळ. मग टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी काढली आणि तिच्यात फुंकर मारायला सांगितले. फुंकर पलीकडे निघेना. ते म्हणाले, "भाईजान, तुम्ही मेलेला टर्बो बदलला. ज्याने मारला तो आतच बसला होता." चेंबर धुतले, ऑइलच्या पंपाची जाळी साफ केली, नळी नवी घातली, परतीची नळी मोकळी केली आणि मग टर्बो बसवला. आज मीटरवर १ लाख ६० हजार किलोमीटर आहेत, तोच टर्बो चालू आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. पुस्तिकेत सगळे लिहिलेले होते. वाचले नव्हते ते आम्ही.

पेट्रोलच्या टर्बोला जास्त का जपावे लागते?

आपले बांधव म्हणतात की टर्बो तर आम्ही वर्षानुवर्षे ट्रक आणि जीपमध्ये वापरतो, त्याचे काय एवढे? बरोबर आहे, पण त्या डिझेलच्या गाड्या. पेट्रोलच्या इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा पुष्कळ जास्त गरम असतो. पूर्ण जोरावर असताना तो ९०० अंश सेल्सियसच्याही वर जातो. त्या धुरात टर्बोचे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. इंजिन स्वतः मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेते, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक समजेल.

एवढ्या वेगाने फिरणारा दांडा लोखंडावर लोखंड घासून टिकणार नाही. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेच ऑइल त्याची उष्णता वाहून नेते. म्हणजे टर्बोचा सगळा जीव त्या थरात. ऑइल जुने झाले, पातळ पडले, कमी झाले किंवा नळीत अडले, की दांडा धातूवर घासू लागतो आणि खेळ संपतो. ज्यांनी पॉवरलूम पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. एका बेअरिंगला तेल दिले नाही तर आधी आवाज येतो, मग कापडात दोष येतो आणि शेवटी माग थांबतो. फरक एवढाच की माग महिनाभर इशारा देतो, टर्बो तेवढा वेळ देत नाही.

गाडी भरधाव आणून एकदम बंद केली की ऑइलचा पंप थांबतो, पण टर्बो तापलेला असतो. आत अडकलेले ऑइल तेथेच जळते आणि त्याची काजळी जमते. रोज थोडी थोडी. हीच काजळी पुढे नळी बंद करते. आमच्या चहाच्या सवयीचे हे फळ होते.

गिऱ्हाइकाच्या दुर्लक्षाने टर्बो बदनाम झाल्याची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाइल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो पेट्रोल कार काढली. अशा बाजारात आलेल्या सर्वांत पहिल्या गाड्यांपैकी ती एक. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून तिला शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका टाकीत भरून ठेवावे लागे. अनेक मालकांनी ती टाकी भरलीच नाही. टाकी रिकामी असली की टर्बोचा जोर मिळत नसे, तक्रारी वाढल्या. शेवटी १९६५ साली कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. १९७७ साली स्वीडनच्या साब कंपनीने ९९ टर्बो पुढे आणली, तेव्हा कुठे रोजच्या वापरातही टर्बो पेट्रोल गाडी चालते हे लोकांना पटू लागले.

देखभालीच्या सहा गोष्टी

पहिली, ऑइल. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच आणि पूर्ण सिंथेटिक घालावे. टी-जेटसारख्या इंजिनाला साधारणपणे ५डब्ल्यू-४० चालते, तरी आपल्या गाडीची पुस्तिका पाहूनच ठरवावे. सिंथेटिक ऑइल जास्त उष्णता सहन करते, लवकर जळत नाही. जुन्या गाडीला आम्ही दर ७-८ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, फिल्टरसह ऑइल बदलतो. गाडी कमी चालली तरी वर्षाची मुदत चुकवू नये. दर पंधरा दिवसांनी, गाडी सपाट जागी उभी करून, सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची काडी काढून पाहावी. टर्बोचे इंजिन थोडे ऑइल खाते. पण पातळी खालच्या खुणेच्या खाली कधीही जाऊ देऊ नये.

दुसरी, चालू करण्याची आणि बंद करण्याची शिस्त. सकाळी चावी मारली की लगेच पाय दाबू नये. पहिले दोन-तीन किलोमीटर हळू न्यावी, ऑइल गरम होऊन सगळीकडे पोहोचू द्यावे. महामार्गावरून आल्यावर किंवा घाट चढून आल्यावर गाडी उभी करून इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवावे आणि मग बंद करावे. शेवटचे दोन किलोमीटर गावातून सावकाश आणली असेल तर वेगळे थांबण्याची गरज नाही. या शिस्तीला एक पैसाही लागत नाही.

तिसरी, पाणी. आपल्या भागात बोअरचे पाणी क्षाराचे. ज्या पाण्याने किटलीत पांढरा थर जमतो तेच पाणी रेडिएटरमध्ये घातले तर तेथेही तोच थर जमतो. मग उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की इंजिन तापते. टर्बोच्या इंजिनाला आधीच उष्णता जास्त. एकदा तापून हेड गॅस्केट गेले तर खर्च मोठा. म्हणून कूलंट कंपनीने सांगितलेलेच, आणि मिसळायचे पाणी डिस्टिल्ड. रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का, होज पाइप मऊ किंवा फुगीर झाले आहेत का, हे मार्च महिन्यातच पाहून घ्यावे. मे महिन्यात रस्त्यावर पाहण्याची पाळी येऊ नये.

चौथी, हवा. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. एअर फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसला नसेल तर ही धूळ टर्बोच्या पात्यांवर आदळते. पाती झिजतात, आणि वेग एवढा असल्याने थोडी झीजही तोल बिघडवते. खेड्यांतून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच बदलावा. टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्या आणि क्लिपाही तपासाव्यात. पुष्कळदा नळीला चीर पडलेली असते, दाबलेली हवा निसटते, ओढ जाते, आणि गिऱ्हाइकाला सांगितले जाते की टर्बो गेला. जेथे नळीने भागते तेथे ४५ हजारांचे काम निघते.

पाचवी, टायमिंग बेल्ट. टी-जेटमध्ये दातेरी पट्टा असतो. तो दिसत नाही, आवाज करीत नाही, आणि तुटतो तेव्हा आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो. असे झाले तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पट्ट्याला किलोमीटरची मुदत असते तशी वर्षांचीही असते, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. सेकंडहँड गाडी घेतली आणि पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे. पट्ट्याबरोबर त्याचे टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदलून घ्यावा, मजुरी एकदाच पडते. काही टर्बो इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. सकाळी इंजिन सुरू करताना क्षणभर खडखडाट आला तर साखळी सैल झाल्याची शंका घ्यावी.

सहावी, प्लग आणि पेट्रोल. दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायला प्लग आणि कॉइल चांगल्या स्थितीत लागतात. चढावर गाडी झटके देत असेल तर आधी प्लग पाहावेत. चढावर टक्-टक् असा ठोक्याचा आवाज आला तर पाय सैल करावा. गाडी वरच्या गिअरमध्ये रखडवू नये, खालचा गिअर टाकावा. पोलो टीएसआयसारख्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला काजळी जमते, ती मुदतीने साफ करावी लागते. टी-जेटमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी फवारले जाते, त्यामुळे हा त्रास तिला कमी.

इथेनॉलच्या पेट्रोलचे काय?

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे अॅव्हरेज या पेट्रोलवर ६ ते ७ टक्के घटेल. सरकारने असेही सांगितले आहे की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट ठराविक अंतरानंतर बदलावे लागतील.

घाबरून जाण्यासारखे यात काही नाही, पण पेट्रोलच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला हाताने चाचपून पाहाव्यात. टर्बो लालबुंद तापतो आणि त्याच्या जवळ गळकी पेट्रोलची नळी म्हणजे आगीला आमंत्रण. गाडी महिना-महिना उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. एक फायदाही आहे. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, आणि ठोक्यांच्या बाबतीत टर्बोच्या इंजिनाला ते सोयीचेच असते.

घेताना काय पाहावे?

विकणाऱ्याला आधी सांगून ठेवावे की इंजिन थंड पाहिजे. तापवून ठेवलेली गाडी पुष्कळ दोष लपवते. थंड इंजिन सुरू करून मागे उभे राहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते किंवा हवेची नळी कोठे तरी निसटली आहे. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ येतोच, पण इंजिन तापल्यावरही राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट आत जात आहे.

ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. काळा चिकट गाळ दिसला तर गाडी कितीही चमकत असो, नमस्कार करून परत यावे. कापडाची पारख उजेडात नेऊन, उलटी बाजू पाहून करतात, तशी इंजिनाची उलटी बाजू म्हणजे हे झाकण. टर्बोकडे जाणारी हवेची नळी काढायला सांगून दांड्याचे टोक बोटाने हलवून पाहावे. बाजूला किंचित हालते ते ठीक. पुढे-मागे हालत असेल किंवा पाते घासल्याची खूण असेल तर भाव करण्यात अर्थ नाही. शेवटी स्कॅनर लावून चुकांची नोंद पाहावी आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. आमच्या मते पावत्या असलेली १ लाख किलोमीटरची गाडी ही पावत्या नसलेल्या ५० हजारांच्या गाडीपेक्षा चांगली.

कागदांचाही हिशेब करावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०११ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, त्यासाठी आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर असतो. १५ वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेल्या गाडीच्या किमतीत हे मिळवूनच भाव ठरवावा. उत्पादन बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात लगेच मिळत नाहीत, तेव्हा पट्टा, फिल्टर आणि प्लग यांचा एक संच घरी ठेवणे शहाणपणाचे.

मिस्त्री बांधवांना दोन शब्द

हे पान वाचणाऱ्यांत गॅरेज चालवणारे बांधव पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही शिकवावे असे नाही, पण ज्यांचे खिसे रिकामे होतात त्यांच्या बाजूने एवढे सांगतो. निळा धूर आला म्हणजे टर्बोच गेला असे धरून चालू नये. ऑइलची परतीची नळी तुंबली असेल किंवा इंजिनातली वाफ बाहेर काढणारा मार्ग बंद असेल, तरी चांगल्या टर्बोतून ऑइल बाहेर येते. आधी ते तपासावे. टर्बो बदलायचाच असेल तर जुना का मेला हे सापडेपर्यंत नवा बसवू नये. चेंबर, जाळी आणि नळी यांचा खर्च गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावा. तो कुरकुर करील, तरी सांगावा. नवा टर्बो बसवल्यावर त्यात थोडे स्वच्छ ऑइल ओतून, इंजिन सुरू न करता काही क्षण फिरवून ऑइलचा दाब येऊ द्यावा, कारण पहिल्या काही सेकंदांची कोरडी फिरकी नव्या टर्बोला घातक ठरते. मिस्त्रीचाचांनी आमच्या देखत हे सगळे केले. त्यांनी जास्त पैसे घेतले नाहीत, जास्त वेळ घेतला. आज आमच्या ओळखीची दहा माणसे त्यांच्याकडे गाडी नेतात.

जमाखर्च

आम्ही वहीत मांडून पाहिले. स्वस्त ऑइल आणि लांबवलेली मुदत यांतून दोन वर्षांत वाचले सहा हजार रुपयांच्या आत. गेले दोन टर्बो, दोन वेळची मजुरी, टोइंग आणि बुडालेले दिवस मिळून एक लाखाच्या आसपास. या वहीत विणकराच्या आठ दिवसांचा रकाना नाही, कारण तो खर्च आमच्या नावावर पडलाच नाही.

तेव्हा जुनी टर्बो पेट्रोल गाडी घ्यावी की नाही? आमचे उत्तर असे. वर्षाला ऑइल, कूलंट आणि फिल्टर यांचे पैसे बाजूला काढण्याची तयारी असेल, आणि दारात येऊन दोन मिनिटे थांबण्याइतका धीर असेल, तर खुशाल घ्यावी. ती लाखो किलोमीटर साथ देण्यासाठीच बनवलेली असते. ही तयारी नसेल तर साध्या इंजिनाची गाडी घ्यावी, ती चुका जास्त माफ करते.

आम्ही आता गाडीच्या ऑइलची तारीख दुकानाच्या देणेकऱ्यांच्या यादीतच लिहून ठेवतो, विणकरांच्या नावांखाली. त्या यादीतली तारीख आम्ही सहसा चुकवीत नाही.